ओट्याला लागलेली जीप

केवळरामचं घर आणि माझी पिठाची चक्की यांच्यात एकच भिंत. वीस वर्षांत या माणसानं माझं एकदाही ऐकलेलं नाही, आणि तरी रोज येऊन "भैयाजी, तुम्हाले का वाटते?" असं विचारतो. मला जे वाटतं त्याच्या उलट करायचं, एवढाच त्या विचारण्याचा उपयोग.

तो एका तेंदूपत्ता ठेकेदाराच्या जीपवर बावीस वर्षं ड्रायव्हर होता. उन्हाळ्यात जंगलात पानं गोळा करायच्या फडांवर, एरवी गोंदिया, आमगाव, कुठंही. शेट कधी कधी आमच्या गावात थांबायचे, केवळरामच्या ओट्यावर चहा घ्यायचे. ते निघाले की केवळराम जीपला वळसा घालून डाव्या बाजूला जायचा आणि शेट पुढच्या सीटवर नीट बसेपर्यंत एक हात काचेच्या चौकटीवर ठेवून उभा राहायचा. त्याची बायको पार्वताबाई कपबशा उचलता उचलता ते बघायची. त्या जीपमध्ये ती स्वतः मात्र कधी बसली नाही. शेटची गाडी, ड्रायव्हरच्या बायकोनं बसायचं कसं?

ठेकेदारी बंद पडली तेव्हा शेटनं कागदपत्रांसकट जीप केवळरामला देऊन टाकली. तोवर इंजिन बसलं होतं. ट्रॅक्टरला बांधून ती घरी आली आणि परसात उभी राहिली, ती चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत केवळरामनं तिची फार काळजी घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. आम्ही धानाची माणसं. आंबे पिकवायचे तर तणशीत, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, अंडी ठेवायची तर तणशीत, विटांवर पाऊस नको तर वर तणस. यानं दर पावसाळ्याआधी जीपवर तणस रचली. जुनी खालीच राहायची, नवी वर चढायची. मी म्हटलं, ताडपत्री टाक. टाकली नाही.

यंदा पोळा झाला आणि पार्वताबाईच्या गुडघ्यांनी जवाब दिला. ती नाल्यापलीकडच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. दोन किलोमीटरची वाट, नवाला चूल पेटायला हवी. ऑटो आमच्याकडे बाजाराच्या दिवशीच येतो. मोटरसायकलवर एका अंगानं बसवली तर ती धुऱ्यावरून घसरून थेट भाताच्या बांधीत पडली, चिखलानं माखून परत आली. आठवड्यातून दोनदा उशीर व्हायला लागला, तेव्हा शाळेच्या मॅडम घरी आल्या. चांगली बाई. बोलताना तिलाच रडू येत होतं. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी सांभाळते मावशी, पण पुढं वेळेवर येणं जमलं नाही तर दुसरं कुणी बघावं लागेल."

पार्वताबाईला मूलबाळ नाही. त्या शाळेतलं कोणतं पोर लाजून दुसऱ्यांदा भात मागत नाही, हे तिला पाठ आहे. मॅडम गेल्या. तिसऱ्या दिवशी केवळराम परसात जाऊन तणस उपसायला लागला.

खालची तणस काळी, ओली, वाफाळलेली. तळाचा पत्रा आंब्यासारखा पिकला होता, बोट लावलं की आत जायचं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, एअर क्लीनरमध्ये पसाभर धान. केवळराम तिथंच उभा राहिला. "पांघरून घातलं म्हनत होतो मी, भैयाजी. सडवून राहिलो होतो."

पुन्हा ट्रॅक्टरला बांधून जीप गोंदियाजवळच्या फुलचूरला नेली. तिथल्या मुन्नालाल मिस्त्रीनं ती पाहून हात झटकले. "चाचा, इसमें गाड़ी कम, चूहे ज्यादा हैं. भंगार में दे दो."

"मंग चाची का भंगार में बैठेगी?" केवळरामनं विचारलं.

मुन्नालालनं सगळी हकीकत ऐकली आणि मुकाट्यानं जॅक लावला. पुढचे दोन महिने केवळराम एक दिवसाआड आमगावहून गाडी धरून गोंदियाला जायचा. तळाला नवा पत्रा, नवं वायरिंग, ब्रेक. इंजिन सगळं खोललं, पण ठेवलं तेच. शेवटी मुन्नालालनं हौसेनं मोठे टायर चढवले, म्हणाला नाल्यात अडणार नाही. मी म्हटलं, मापात राहा. नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. आरटीओत तीन फेऱ्या झाल्या, कागद झाले, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, जीप आमच्या गल्लीत आली. हिरवी, चकचकीत. मला आवडली, हे मी त्याला सांगितलं नाही.

पार्वताबाईनं नवं लुगडं नेसून जीपला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि बसायला पाय उचलला. पाय पोचेना. स्टूल आणलं, तर एका गुडघ्यावर अंगाचा भार पेलेना. दोनदा करून पाहिलं. या माणसानं दोन महिन्यांत नटबोल्टसुद्धा मोजले होते. बायकोचा पाय किती उचलला जातो तेवढं मोजायचं राहिलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "मॅडमले सांगून देजा, दुसरी बाई पाहा म्हना." आणि आत गेली.

केवळराम चाकाला टेकून खाली बसला. 'मी सांगितलं होतं' हे माझ्या ओठावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. फडावर तेंदूपत्त्याचे बोरे, म्हणजे पोती, भरायला मातीचा उंचवटा करत आणि जीप मागून त्याला टेकवत, ते त्याला आठवलं. त्यानं जीप वळवली आणि तिचा मागचा भाग ओट्याला लावला. ओटा आणि जीपचा तळ एका उंचीला. मी हाक मारून पार्वताबाईला बोलावलं.

तिनं पाहिलं. "मांगं बोरे बसतेत," ती म्हणाली. "मी समोर बसन."

मला रागच आला. नोकरी जायची वेळ आली आणि हिला जागा निवडायचीय! पण ती पुढं बोलली, "समोर कोन बसते, थे मी याच ओट्यावरून पाह्यलं हाय," आणि माझा राग कुठच्या कुठं गेला.

केवळरामनं पुन्हा जीप सुरू केली. पुढून आणून डावं अंग ओट्याला लावायचं, गल्ली अरुंद, पुढं चक्कीची भिंत गल्लीत आलेली. मी हात दाखवत होतो, अजून, अजून. "भैयाजी, तुमी चक्की पाहा," तो म्हणाला. चौथ्या खेपेला जीप आणि ओट्यात एका बोटाची फट राहिली. तो लगेच उतरला आणि फावडं घेऊन शाळेकडं निघाला. मीही टोपलं घेऊन गेलो. दिवस मावळेपर्यंत शाळेच्या फाटकाशी, तिला उतरायला, तेवढ्याच उंचीचा मुरमाचा ओटा झाला.

सोमवारी साडेआठला पार्वताबाई डबा घेऊन बाहेर आली. जीप लागलेली होती. केवळराम उतरला, वळसा घालून ओट्यावर चढला आणि काचेच्या चौकटीवर एक हात ठेवून उभा राहिला. ती घरातल्या घरात चालावी तशी चालत गेली, पुढच्या सीटवर बसली, पदर सारखा केला, डबा मांडीवर घेतला. तो तसाच उभा.

"बसली मी," ती म्हणाली. "आता तुमी बसा. पोरं वाट पाहून राह्यले."