उंदरांसाठी कणसं

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मूळचे सिल्लोडचे. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचा शेक घेतल्यापासून त्यांची लाळच आटली आहे, म्हणून पाण्याची बाटली सतत हातात असते. चार शब्द बोलतात, घोट घेतात आणि वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं नेतात. भाकरी दुधात कुस्करून खातात, तीही पाहुणे गेल्यावर.

मी प्रयोगशाळेत उंदरांच्या मानेला तसाच शेक देऊन त्यांच्या लाळेच्या ग्रंथी तपासते, हे कळल्यापासून जिन्यात भेटले की विचारतात, "आमची बिरादरी कशीय?"

काल ते गावाकडून परतले ते थेट माझ्या दारात, पिशवीभर कोवळी कणसं घेऊन.

"मला तर गिळवत नाय," घोट घेऊन ते म्हणाले, "पण माझ्यापायी त्यांची तोंडं सुकली. त्यांना टाक, पोरी."

त्याच सकाळी ग्रंथी काढून घेण्यासाठी आम्ही सगळे उंदीर मारले होते. मी "टाकते" म्हणाले आणि पिशवी घेतली.

संध्याकाळी कणसं गॅसवर भाजली. वास खाली जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. लिंबू-मीठ चोळत होते, तेवढ्यातच माझ्या तोंडात लाळ सुटली.