ठिपक्यांतला नागू

राजेश्वरच्या फाट्यावर हुमनाबादची बस थांबली आणि कंडक्टर खाली उतरून माझ्याकडं चालत आला, तेव्हा मला वाटलं तिकिटावरून कुणाशी तरी वाजलंय आणि साक्षीला मला बोलवायलाय. माझा मोबाईल घरात कपाटात बंद होता. मला बोलायचं असलं की मी तो चालू करतो, दुसऱ्याला बोलायचं असलं तर त्यानं यावं, असा माझा नेम आहे. कंडक्टर लहानपणी माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात गेम खेळायला यायचा. म्हणाला, "अप्पा, जरा बसा." मी म्हणालो, "बसायला काय झालंय? उभा हाय की." तो खाली बघत म्हणाला, "नागूअण्णा गेले. दुपारीच. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. खिडक्यांतून माणसं बघत होती. एवढी मोठी गाडी माझ्या भावासाठी रस्त्यात गप्प उभी आहे, एवढंच त्या वेळी मला कळलं. मग कुणीतरी हात दिला आणि मी आत चढलो...

आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. मी लोकर कातरली, माग चालवला, घोंगड्या विणल्या, आणि माझ्या हातची घोंगडी पाण्यात टाकली तरी लवकर भिजत नाही हे या भागात कुणालाही विचारा. नागू मात्र मेंढरांमागं कधी गेला नाही. हुमनाबादेत बसस्टँडच्या मागं एक खोली धरली, तिथं पाठ फुगलेला जुना डबा टीव्ही आणला, गेमची एक जुनी मशीन आणली आणि पोरांना तासावर खेळायला देऊ लागला. पोरं माझ्याच घोंगडीवर मांडी घालून बसायची. कधी गाडीत माल भरेपर्यंत लॉरीवालेही यायचे. बाजाराला गेलो की मी तिथं टेकायचो, पाय दुखतात असं सांगून. बाहेर ऊन, हॉर्न, धूळ. आत पडदा ओढलेला, आणि पोरांच्या गालांवर हिरवा, निळा, जांभळा उजेड सरकत जायचा. टीव्हीत डोंगर असायचे, डोंगरावर गवत. मी एकदा म्हणालो, "नागू, एवढं गवत, आन एक मेंढरू न्हाई. कसला हा मुलूख?" तो म्हणाला, "तुमचीच वाट बघायलाय, अण्णा."

पुढं मोठा टीव्ही घ्यायला मीच त्याच्या मागं लागलो. सोयऱ्यांत लोक विचारायचे, भाऊ काय करतो, तर दुकान दाखवण्यासारखं पाहिजे. कलबुर्गीहून तो टीव्ही घोंगडीत गुंडाळून, मांडीवर टेकवून, बाळंतिणीला आणावं तसा मी जीपमधून आणला. जुन्या मशीनची वायर त्याला जोडली आणि चित्र आलं, तर सगळं पातळ लोण्यासारखं पसरलेलं. माणसाला नाक नाही, घोड्याचे पाय कळेनात. मी खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली. परत पुसली. पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली.

"टीव्ही खराब हाय. चल, आत्ताच परत करू."

"टीव्ही चांगला हाय, अण्णा."

"मग मशीन खराब."

"मशीन बी चांगली हाय."

"मग माझे डोळे खराब हायत का?"

"तसं मी कसं म्हणू," नागू म्हणाला, "थोरले हाव तुम्ही."

पोरं जेवायला गेल्यावर त्यानं मला समजावलं. "लहान पोराच्या मापाची घोंगडी दोघांच्या बाजंवर टाकायची म्हणली तर काय होईल?" मी म्हणालो, ताणली तर भोकं पडतील. "तसंच हाय हे. जुनी मशीन बारकं चित्र विणती, ठिपक्याला ठिपका लावून. जुन्या टीव्हीला ते पुरत होतं. ह्या टीव्हीला ठिपके लई लागतेत. मग जिथं भोक पडायलंय, तिथं टीव्ही आजूबाजूच्या ठिपक्यांना विचारून मनानंच भरायलाय. इकडं लाल, तिकडं पिवळा, मग मधी नारंगी असंल म्हणून." मशीन स्वतः काढते तेवढ्या ठिपक्यांचं चित्र नेटिव्ह, आणि मधलं भरून भरून मोठं केलेलं ते अपस्केल, हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मी म्हणालो, "शेजाऱ्याला विचारून? आपल्या गल्लीत शेजाऱ्याला विचारलं तर तुझ्याबद्दल काय सांगतेत, माहीत हाय का?" नागू लई हसला. मग मी म्हणालो, "म्हणजे हे खोटं चित्र." तो म्हणाला, "खोटं न्हाई, अण्णा. अंदाज हाय." यावर आमचं कधी जमलं नाही. माझ्या मते भरलेलं ते खोटंच. घोंगडीला दुसऱ्याच्या लोकरीचं ठिगळ लावून ती एकसंध म्हणून विकणाऱ्यातला मी नाही.

नंतर त्यानं नवी मशीन घेतली. तिचं चित्र असं की गवताची पाती मोजावीत. मी म्हणालो, आता कसं खरं दिसायलंय. तर म्हणाला, यातही तेच आहे. डब्यावर मोठा आकडा छापलेला, पण सगळे ठिपके स्वतः काढायला बसली तर मशीन दमते, खेळ अडखळतो. म्हणून आत ती चित्र बारकंच काढते आणि उरलेलं हुशारीनं भरते. चित्र थांबवून मला विचारायचा, "सांगा, ह्यातलं काढलेलं कुठलं आन भरलेलं कुठलं?" मी बोट ठेवायचो. तो मान हलवायचा. मी म्हणायचो, तुलाच कळत नाही.

शेवटी शेवटी तो मारामारीचे खेळ खेळतच नसे. दुपारी दुकान रिकामं असलं की हातात रिमोट घेऊन टीव्हीतल्या ओढ्याच्या काठानं नुसता चालत राहायचा. कुठं जायचं नाही, कुणाला मारायचं नाही. वारा सुटायचा, झाडं हलायची, मावळतीचा उजेड पाण्यावर यायचा. मी शेजारी बसून डुलक्या घ्यायचो. डोळा उघडला की तो अजून चालतोय... लहानपणी आम्ही दोघं असेच एका ओढ्यानं जायचो, तो पुढं, मी मागं. आता मला आठवतो तो ओढा कुठला, टीव्हीतला का आमचा, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याच्या काठावर केवडा होता असं मला वाटतं. केवडा आमच्याकडं नव्हता.

तो गेल्यावर वाद उठला तो फोटोवरून. आमच्यात माणसाच्या दिवसकार्याला त्याचा फोटो घोंगडीवर मांडतात. आणि घोंगडीवर खोटं चालत नाही. भावकीचं भांडण तोडायचं तर दोघांना आधी घोंगडीवर बसवतात, मग विचारतात. नागूचा धड फोटोच नव्हता. दुसऱ्यांचे काढायचा, स्वतः मागं राहायचा. आधार कार्डावर तर धरून आणल्यासारखा दिसतो. एका लग्नातल्या गर्दीच्या फोटोत, मागच्या रांगेत, तो हसताना सापडला. चेहरा हरभऱ्याएवढा, आणि तोही या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरून फिरून झिजलेला. फोटोवाल्यानं तो कंप्युटरमधून मोठा करून दिला. स्वच्छ, गोरा, चकचकीत माणूस. दोन्ही डोळे सारखे, आणि तोंडात सरळ दातांची अख्खी रांग. नागूचे पुढचे दोन दात एकावर एक चढलेले होते. बारक्या फोटोत दात म्हणजे नुसते चार पांढरे ठिपके. कंप्युटरनं हजारो परक्या तोंडांवरून अंदाज केला आणि माझ्या भावाच्या तोंडात दुसऱ्याचे दात बसवले.

मी नागूच्या घरी सांगितलं, हा फोटो घोंगडीवर जाणार नाही, बारकाच ठेवा. नागूची बायको शांता माझ्यासमोर येत नाही. थोरल्या दिरासमोर यायची आमच्यात रीत नाही. आजवर ती स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीआडूनच बोलायची. त्या दिवशीही तिथूनच म्हणाली, "अण्णा, तुमचा तो हरभरा मला जवळून दिसत न्हाई. डोळे गेलेत माझे. मोठा असला तर लांबून तरी नजर पडंल."

"पण तो नागू न्हाई, शांता."

"मग कुठाय नागू? तेवढं सांगा."

मी उठलो. फेटा बांधला आणि परत फोटोवाल्याकडं गेलो. म्हणालो, आहे तेवढंच मोठं कर, मधलं काही भरू नको. तो म्हणाला, "मामा, नुसते चौकोन दिसतील." मी म्हणालो, दिसू दे. त्यानं काढून दिला. वर म्हणाला, "नंतर भांडायला येऊ नका." हातात घेतला तर खरंच चौकोन. तपकिरी, काळे, राखाडी, फरशी बसवल्यासारखे. ना डोळा, ना नाक. पण मागं सरेल तो मी कसला. गुंडाळून काखेत मारला आणि आलो. वाटेत बसमध्ये मला रडू आलं, ते मी खिडकीकडं तोंड करून संपवलं.

घरी तो उलगडून छातीशी धरला आणि शांताला म्हणालो, "तुझंच बरोबर. हे काय खरं न्हाई. तो दातवालाच मांडू." आणि गुंडाळायला लागलो. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "थांबा." मी गुंडाळलेलं परत सोडलं. "गुंडाळू नका, अण्णा... हसायलेत की हो."

मी खाली वाकून बघितलं. चौकोन. "इथून बघा," ती म्हणाली. फोटो भिंतीला टेकवला आणि खोली ओलांडून तिच्या दाराशी गेलो. तिनं पदर पुढं ओढला, पण बाजूला झाली नाही. मी वळून बघितलं. नागू होता. एक डोळा बारीक करून, दातांवर दात चढवून, कुणीतरी आत्ताच काही बोललंय तसा हसत होता. कंप्युटरनं काही भरलं नव्हतं, टीव्हीनं भरलं नव्हतं. मधलं सगळं आमच्याच डोळ्यांनी भरलं होतं. याला खोटं म्हणायला माझी जीभ वळेना. आम्ही दीर-भावजय एका चौकटीत उभे राहून बघत राहिलो.

दिवसकार्याला तोच घोंगडीवर मांडला. माणसं फूल घेऊन जवळ जायची, वाकायची, गोंधळायची. मग एक पाऊल मागं, अजून एक मागं, आणि कुठंतरी एकदम थांबायची. तिथं त्यांचा चेहरा बदलायचा. तो कंडक्टर तर दारापर्यंत मागं गेला आणि तिथंच खाली बसला.

आता तो फोटो नागूच्या बैठकीच्या खोलीत आहे. शांता रोजच्या भाज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून निवडते. मी गेलो की मलाही तिथंच चहा मिळतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. आमच्या पोरांना वाटतं, म्हाताऱ्यानं रीत सोडली. वाटू दे. हार बदलायचं काम माझ्याकडं आहे, कारण तिचा हात पोचत नाही. त्यासाठी जवळ जावंच लागतं... तेव्हा मी डोळे मिटून घेतो, आणि मागं मागं येत उंबरा पायाला लागला की उघडतो.