तू जेव, मी ऐकते

प्रसादचा फोन आला तेव्हा मी नास या आयर्लंडमधल्या माझ्या गावातल्या एका दुकानात कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभी होते. वास नसलेली कोथिंबीर वैजूला चालायची नाही, म्हणून कित्येक वर्षं मी ती हुंगूनच घेते. प्रसाद एवढंच म्हणाला, "मीनल, गेली ती… पहाटे, झोपेत." मी निघते म्हणाले, फोन ठेवला आणि शांतपणे रांगेत उभं राहून ती जुडी विकत घेतली. कुणासाठी घेतली, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. नासपासून ओंगारपर्यंत मी रडले नाही, नुसती चिडत राहिले. सिग्नलवर चिडले, पावसावर चिडले, पुढे संथ चालवणाऱ्या म्हाताऱ्यावर चिडले. आता बरेच आठवडे झालेत, पण तो राग काही पुरता उतरलेला नाही.

वैजू म्हणजे माझी मैत्रीण वैजयंती. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार ही नव्या घरांची वस्ती आहे. तिथल्या निम्म्या मराठी घरांत दिवाळीचा फराळ आणि गणपतीचे मोदक वैजूच्या हातचे जायचे. नवऱ्याच्या, म्हणजे प्रसादच्या, नोकरीपायी पुण्याहून आली, व्हिसामुळे सुरुवातीची वर्षं घरात बसावं लागलं, आणि बसवत नाही म्हणून तिनं ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. मी मूळची नागपूरची, सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत. आमची ओळख एका गणपतीत झाली. तिच्या मसालेभाताला सगळे वा वा करत होते आणि मी म्हणाले की लवंग जरा जास्त पडलीय. आजूबाजूच्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. पुढच्या आठवड्यात ही बाई पत्ता काढून, डबा घेऊन माझ्या दारात हजर. म्हणाली, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतेस ना, मग माझ्याही काढ. तिची मुलगी इरा तेव्हा तिचं बोट धरून उभी होती आणि माझ्याकडे संशयानं बघत होती.

तीन वर्षांपूर्वी वैजूच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. जीव वाचला, चव गेली. म्हणजे पार गेली… तिखट, गोड, आंबट, काहीच नाही. तोंडही कायम कोरडं, त्यामुळे हातात सदोदित पाण्याची बाटली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, कदाचित येणारही नाही, सांगता येत नाही. बाकी कुणाचं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, जिवापुढे चवीचं काय एवढं. पण वैजूला हे कुठल्या तोंडानं म्हणणार? तिला लोक तिच्या हातानं ओळखत होते आणि तो हात जिभेच्या भरवशावर चालत होता. तिनं हे घरात आणि मला, एवढंच सांगितलं. ऑर्डरी थांबवल्या नाहीत. शनिवार आला की मला बोलवायची, ओट्यापाशी बसवायची, चमचा हातात द्यायची आणि म्हणायची, सांग.

पहिल्यांदा मी म्हणाले, "छान झालंय." तिनं चमचा काढून घेतला.

"छान ही काय चव झाली? आधी काय लागलं, मग काय लागलं, गिळल्यावर काय उरलं, ते सांग. आणि माझी कीव करून खोटं बोललीस तर परत या घरात पाऊल ठेवू नकोस."

तेव्हापासून मी सांगू लागले. आधी चिंच येते, मग गूळ, मग गोडा मसाला, आणि शेवटी कडवट काहीतरी राहतं, मेथी जास्त तळली गेलीय बहुतेक. ती ऐकायची, डोळे मिटून, ओठ किंचित हलवत. मग पातेल्यात नेमकं घालायची. वर्षभर ओंगारची मराठी मंडळी माझ्या जिभेवर जेवली आणि कुणाला पत्ता लागला नाही. एकदा तर माझ्या नागपुरी जिभेमुळे एका पुणेरी बारशात मिसळ चांगलीच जळजळीत गेली. त्या यजमानीणबाई वैजूशी बरेच दिवस बोलत नव्हत्या.

लडाखला जायचं तिच्या डोक्यात त्याच सुमारास आलं. चव नाही तर नाही, डोळे शाबूत आहेत, तर डोळ्यांनी तरी पोटभर बघून घेऊ म्हणाली. इथल्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त दमानं घ्या म्हणाले. प्रसाद आणि इरा घरी राहिले, आम्ही दोघी निघालो. लेहला पहिले दोन दिवस अंथरुणावर पडून काढले, कारण जिना चढला तरी धाप लागत होती. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिनं मला अक्षरशः पळवलं. सकाळी गोम्पा, म्हणजे तिथले बौद्ध मठ, दुपारी बाजार, संध्याकाळी परत कुठेतरी खायला. भिंतींवरची ती भयंकर डोळ्यांची चित्रं, मोठ्या बुद्धापुढे ओळीनं मांडलेल्या पाण्याच्या वाट्या, दारात चपलांचा ढीग… मी फोटो काढत बसायचे आणि ही आत कुठेतरी नाहीशी झालेली असायची. शोधलं की हमखास स्वयंपाकघरात सापडायची. माणसाच्या देवघरापेक्षा स्वयंपाकघरात त्याची भक्ती कळते, हे तिचं मत. हातवाऱ्यांवर आणि मोडक्या हिंदीवर तिनं तिथल्या भिक्षूंकडून सातूच्या पिठापासून वाळवलेल्या चीजपर्यंत सगळं समजून घेतलं.

बाहेर खायला गेलो की तिच्यासाठी थुक्पा, म्हणजे शेवयांचा पातळ रस्सा, मागवायचा, कारण तो गिळायला सोपा. घासाघासाला ती घोटभर पाणी प्यायची आणि मी बोलायचे. आधी नुसती वाफ, मग लसूण, मग मुळ्याचा तो उग्रपणा, शेवयांना स्वतःची चव नाही, त्या रश्शाची घेतात. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत. एका मुंबईकर काकूंनी मला हळूच विचारलं, ताईंना दिसत नाही का. वैजूनं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या रात्री मात्र खोलीत पाठ करून झोपली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मिने, मी लोकांना पुरणपोळी विकते आणि मला साखर आणि वाळूतला फरक कळत नाही." मी उठून तिची पाण्याची बाटली भरली आणि उशाशी ठेवली.

सिंधूच्या काठानं गेलं की एक छोटी गोम्पा लागते. तिथं आम्ही पोचलो तेव्हा सकाळची प्रार्थना संपत होती. स्वयंपाकघर धुरानं काळं कुळकुळीत. एका वयस्क भिक्षूंनी आम्हाला चुलीजवळ बसवलं आणि लाकडी उंच भांड्यात घुसळलेला लोण्याचा चहा पेल्यांत ओतला. मी घोट घेतला आणि सवयीनं सुरुवात केली. आधी लोणी, जरा जुनं, मग… वैजूनं हात वर केला.

"थांब," ती म्हणाली. "खारट आहे."

मी अजून मिठापर्यंत पोचले नव्हते. चुलीत काहीतरी तडतडत होतं. तिनं परत घोट घेतला, परत म्हणाली, "खारट आहे गं…" आणि आम्ही दोघी घळाघळा रडायला लागलो. त्या भिक्षूंना वाटलं, चहा अजिबात आवडलेला नाही. ते बिचारे ओशाळून पेला परत घ्यायला लागले, तर हिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आणखी मागितला. किती पेले प्याली देव जाणे. पुढचे सगळे दिवस ती जे दिसेल ते खात सुटली. मोमो, खंबीर रोटी, रस्त्यावरचं भाजलेलं कणीस. बाकी काही लागत नव्हतं, फक्त मीठ. पण तिचा चेहरा बघायला हवा होता. म्हणायची, "मीठ आलंय ना, आता बाकीचे येतील मागनं. गोड सगळ्यात शेवटी येईल, त्याला घाई नसते."

गोड आलंच नाही. त्याआधी दुखणं परत आलं. या खेपेला ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. हिवाळाभर ती ओंगारच्या घरात, खालच्या खोलीत खिडकीपाशी लावलेल्या पलंगावर होती. नळीतून पोटात अन्न जायचं आणि ओठ ओल्या बोळ्यानं पुसायचे. मी शेवटची भेटले त्या दुपारी प्रसादनं वरणभात केला होता. मला भूक नव्हती आणि तिच्यासमोर जेवायची हिंमत तर त्याहून नव्हती. मी ताट आत ठेवायला उठले तर तिनं माझा पदर… पदर कसला, जॅकेटची बाही धरली. आवाज जवळपास गेलाच होता. कान तोंडाशी नेला.

"तू जेव. मी ऐकते."

मी जेवले. एकेक घास घेऊन सांगत गेले. भात मऊ, जरा जास्तच शिजलेला. वरणाला हळद कमी. तूप वर तरंगतंय, अजून मिसळलेलं नाही… आता मिसळलं. लिंबू येतंय मागून. ती डोळे मिटून पडली होती आणि तिचे ओठ हलत होते. ताट संपलं तरी मी थांबले नाही, संपलेल्या ताटातलंही थोडं सांगितलं. तेवढं एकच खोटं मी तिच्याशी बोलले असेन.

ती गेल्यावर लोकांनी त्या घराला डब्यांनी भरून टाकलं. फार चांगली माणसं आहेत इथली, आपलीही आणि आयरिशही. शेजारच्या बाईंनी तर सूप आणि ॲपल पाय आणून दिला. मला मात्र त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं. बाहेरच्या खोलीत बसायचे, प्रसादशी इकडचं तिकडचं बोलायचे आणि निघायचे. गेल्या रविवारी इराचा मेसेज आला की येऊन जा. ती आता कॉलेजात आहे. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या पोरांसारखं. दार उघडलं आणि मला हाताला धरून थेट आत ओट्यापाशी नेलं. पातेल्यात आमटी होती. आईचं बघून बघून केलेली, पहिल्यांदाच.

"डॅड म्हणतो गॉर्जस आहे. शेजारची म्हणते ग्रँड," ती इंग्रजीतच म्हणाली. "ते सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तू आईला सांगायचीस तसं सांग."

मी चमचा घेतला. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण मिटले. सांगितलं. आधी हिंग येतोय, फार. मग चिंच, ती नीट उकळलेली नाही. फोडणी करपलीय, तो जळका वास शेवटपर्यंत राहतोय. ती खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "इज इट हर्स?"

खरं सांगते, त्या क्षणी हो म्हणायला जी कारणं हवीत ती सगळी माझ्याजवळ होती. ते पोर, ते घर, माझं स्वतःचं मन.

"नाही," मी म्हणाले.

इरानं बाहीनं नाक पुसलं, आमटीचं पातेलं बाजूला सारलं आणि नवी कढई गॅसवर ठेवली. मी खुर्ची ओढून बसले.