सलाईन संपेपर्यंत

सौदीतल्या थुवालच्या आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी चिनी बाई तिच्या देशातल्या वनौषधींच्या इंजेक्शनांचे दुष्परिणाम तपासते. कुणी घाईने इथल्या अरबी ढंगात "खलास, झालं काम, औषध सुरक्षित आहे" म्हटलं, की चष्मा पुसत म्हणते, "एका पेशंटवरून काही ठरत नाही." मला तिची थोडी भीतीच वाटते.

काल व्हिडिओ कॉलवर तिचे वडील दिसले. गावच्या दवाखान्यात त्यांना त्यातलंच एक इंजेक्शन सलाईनमधून चालू होतं. ती ओरडली, ते नुसते हसले.

"म्हणतात, डॉक्टर तू आहेस की हे दवाखान्यातले?" तिने मला सांगितलं. मग शांतपणे त्यांना काहीबाही विचारत बसली.

"आता काय विचारतेयस?"

"कोंबड्या किती अंडी देतात ते." तिची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही. "बोलत राहिले, तर धाप लागलेली लगेच कळेल."

बाटली अजून अर्धी भरलेली होती.