सतराव्या पानावरची पेन्सिल

आधीच सांगते, इथले तुमचे भुतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. वीस वर्षं सिल्वासात गणित शिकवतेय, असलं काही माझ्यापुढे चालत नाही. आणि जे घडलं त्याने मी घाबरले वगैरे नाही — मला राग आला. अजून येतो.

आमच्या शाळेत यंदा हॅलोवीनची टूम निघाली. पुठ्ठ्याचा भोपळा आणि त्याखाली इंग्रजी भयकादंबऱ्यांचं प्रदर्शन. दिवाळीचे कंदील अजून उतरले नव्हते आणि यांना भुतं हवीत! लायब्ररी माझ्याकडे, म्हणजे काम माझ्याच गळ्यात.

लायब्ररी आधी ताईकडे होती. माझी सख्खी मोठी बहीण, याच शाळेत. नव्या पुस्तकाच्या सतराव्या पानावर आम्ही शाळेचा शिक्का मारतो, पुस्तक चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. भीतीचं पुस्तक असलं की ताई तिथेच बारीक पेन्सिलीने शेवट लिहून ठेवायची. म्हणे, पोरं निर्धास्त वाचतात. लहानपणी माझ्या पुस्तकांतही तेच. मी जाम चिडायचे. तीन वर्षांपूर्वी मीच प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार केली आणि त्यांनी लायब्ररी तिच्याकडून काढून मला दिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. इथे डोकमर्डी भागात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, पण जिन्यात समोर आली तरी मान फिरवायची. मागच्या वर्षी अटॅकने गेली... न बोलताच.

तर गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर, नव्या पार्सलमधली एक कादंबरी घेतली. प्लास्टिक मीच फाडलं. शिक्क्यासाठी सतरावं पान उघडलं, तर तिथे पेन्सिलीने, मराठीत, ताईच्या अक्षरात — 'धाकटी शेवटी जिवंत राहते. भिऊ नको गं.'

डोकं फिरलं माझं. गेलेल्या माणसाची चेष्टा? आमचे शिपाई सुभाषभाऊ शेजारी बसून पुस्तकांना कव्हरं घालत होते, त्यांनाच धारेवर धरलं. धुळ्याकडचा शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, पॅकिंग तुम्ही आत्ता माझ्यासमोर फाडलं. अन् मोठ्या मॅडमसारखं अक्षर मी कुठून आणू?"

मी ऐकलंच नाही. खोडरबर घेतला आणि कागद विरेपर्यंत घासलं.

रविवारी ती कादंबरी वाचून काढली. दोन बहिणींची गोष्ट आहे. धाकटी शेवटी जिवंत राहते. मग सतरावं पान गॅलरीत उन्हाला धरून पाहिलं, तिरकं करून पाहिलं... एक रेघसुद्धा उरलेली नाही.

पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. सीलबंद इंग्रजी पुस्तकात मराठी कोण लिहिणार? राग आधी सुभाषभाऊंवर होता, मग ताईवर — इतकी वर्षं एक शब्द नाही, आणि बोलायचं तर असं? आता तो माझ्यावर आहे. ती शेवटी बोलली, आणि मी ते माझ्याच हाताने पुसलं.