फळ्यावरची पन्नास मिनिटं

आमच्या सासऱ्यांना गावात सगळे सूचनाकाका म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते माहीत आहे. घाटातला डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे आमचं घर. मागे डोंगर, पुढे समुद्र. पाहुणा कुठूनही आला तरी आमच्याच दारात उभा राहतो, कारण पुढे रस्ताच नाही. मग बाबा त्याला खुर्ची देतात आणि सुरू होतात. पेट्रोल अर्ध्यावर आलं की संपलं समजा. दुपारनंतर खिंडीत धुकं उतरतं, परतायचं तर जेवणाआधी निघा. मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत घाला आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मोबाईल खिशात राहू द्या, इथे तो फक्त घड्याळ म्हणून चालतो. लोक माना डोलावतात आणि चपला घालून कड्यावर जातात.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? लग्न होऊन मी दारात आले, तर नव्या सुनेला पहिलं वाक्य काय ऐकवावं? "तिसऱ्या पायरीवर जपून." अहो, मग ती पायरी दुरुस्त करा ना! अठ्ठावीस वर्षं त्यांनी याच घाटात बस चालवली, एकदाही खरचटलं नाही. निवृत्तीनंतर ती सगळी काळजी घरी आली आणि आमच्या डोक्यावर बसली.

पुढच्या खोलीत एक काळा फळा आहे. कड्याखालून पलीकडच्या पांढऱ्या वाळूपर्यंत एक वाट जाते, ती फक्त ओहोटीला उघडी असते. वाटेत मधोमध खडकाचा एक सुळका पुढे आलाय, त्याला आम्ही नाक म्हणतो. भरतीचं पाणी आधी तिथे चढतं. मग पलीकडे राहिलेल्या माणसाच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून बाबा रोज पहाटे कालची वेळ पुसतात, तीत पन्नास मिनिटं मिळवतात आणि 'नाकाच्या अलीकडे या' असं लिहून पुढे नवी वेळ टाकतात. त्या खडूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी मी लावला. बाबा तीन दिवस तापाने आडवे होते, पहाटे फळ्यापुरते तेवढे उठायचे. सकाळी पाहिलं तर ते गाढ झोपलेले आणि फळ्यावर तीन वीस. मला वाटलं, कालचीच वेळ राहिली. म्हटलं, झोपू देत बिचारे. पन्नास मिनिटं मिळवली आणि चार दहा लिहिलं. स्वतःवर खूष झाले.

अकराच्या सुमाराला एक जोडपं आलं, बरोबर लाल टोपीतली सहा-सात वर्षांची मुलगी. मी बाबांची सगळी पोथी एका वाक्यात उरकली. "चार दहाच्या आत नाकाच्या अलीकडे या, बस्स." बाईंनी हसून विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." ती मुलगी जाताना तिसऱ्या पायरीवर अडखळली.

दुपारी सव्वातीनला बाबा उठले आणि काठी शोधायला लागले. वाट बंद व्हायच्या वेळी खाली जाऊन कुणी मागे राहिलंय का ते बघायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

"अहो बाबा, पडून राहा. अजून जवळजवळ तास आहे. चार दहा लिहिलंय."

"कुणी लिहिलं?"

"मी. तुम्ही उठला नव्हता ना, म्हणून कालच्या वेळेत पन्नास मिळवली."

ते फळ्याकडे बघत राहिले. "अगं, मी पहाटे उठून लिहून परत झोपलो होतो."

म्हणजे तीन वीस हीच आजची वेळ होती. "खाली कुणी गेलंय?" त्यांनी विचारलं. मी तीन बोटं दाखवली.

"पळ," ते म्हणाले. "पण नाकाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. शोधायला गेलेल्याला शोधायला तिसरा लागतो. मी दोर घेऊन येतो."

मी अनवाणीच पळाले. नाकापाशी पोचले तेव्हा चारला दहा कमी होते आणि पाणी खडकाच्या पायथ्याशी आलं होतं. पलीकडे कुणी दिसेना. मी ओरडत राहिले. लाट फुटली की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. डोळ्यांपुढे फक्त ती लाल टोपी. दहादा वाटलं, पुढे जावं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं सांगणं शब्दाला शब्द पाळलं, आणि तेव्हा मला त्यांचा कधी नव्हे इतका राग आला.

बाबा धापा टाकत आले. मी घड्याळ बघितलं, चार दहा. "संपलं हो बाबा," मी रडायला लागले.

"दहा मिनिटं आहेत अजून," ते दोर सोडत म्हणाले.

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. तेवढ्यात पलीकडच्या वळणावर लाल टोपी दिसली. शिंपल्यांनी भरलेली पिशवी हलवत पोरगी रमतगमत येत होती. बाबांनी असा आवाज टाकला की तिच्या बापाने तिला उचललं आणि तो धावतच सुटला. नाकाला वळसा घालताना पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं. बाईंनी दोर धरला. तिघं अलीकडे आली.

ती तिघं वर गेल्यावर मी बाबांना विचारलं, "दहा मिनिटं कुठून आणली?"

"मी फळ्यावर खरी वेळ लिहीतच नाही. एक तास आधीची लिहितो. त्यातली पन्नास आज तू खाल्लीस." त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. "बस चालवायचो तेव्हा दोन भावांना अगदी बरोबर वेळ सांगितली होती. माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत थांबतो गं. त्यातला एकच परत आला."

"मग घरात कुणाला तरी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर तू आज कुणाला तरी म्हणाली असतीस, घाई करू नका, तासभर हातात असतो."

खरं होतं, मी तसंच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं आणि खडू हातात दिला. "आता तू लिही. किती कमी केलंस ते कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नाही." आणि फळ्याकडे पाठ करून बसले.

मी लिहिलं. नऊ वाजता पहिला पाहुणा आला. मी त्याला खुर्ची दिली आणि पेट्रोलपासून सुरुवात केली. धुकं, मोजे, पिशवीत पिशवी, काही सोडलं नाही. तो हसत मान डोलावत होता. मी त्याच्या पायांकडे बघितलं, चपला होत्या. मग मी पुन्हा पेट्रोलपासून सुरू केलं.