पारीवरचं बिऱ्हाड

अड्याळच्या पुढे मोहटोला लागतो. आज ही वस्ती बोडीच्या पारीला, तिच्या मातीच्या बांधाला, लागून आहे. आधी ती खाली नाल्याकाठी होती. ती वर आली गोदावरीबाईमुळे.

बोडी म्हणजे धानाच्या पाण्याचं लहान तळं. टोल्यातल्याच जुन्या लोकांनी ते खोदलं होतं. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्याची पार फुटली आणि पुढल्या साली धान उभं वाळलं. बाप्ये तुमसरच्या राइस मिलमध्ये हमालीला गेले. गोदावरीबाईचा नवरा तेजरामही गेला आणि खोली मिळताच तिला न्यायला आला. पण गावातले मोठे शेतकरी वासुदेवराव कोरड्या बोडीत नांगर घालणार, हे तिच्या कानावर आलं होतं.

"तुमी जा," ती म्हणाली. "बोडी गेली त टोला गेला. मी नाही येत."

तेजराम चिडून एकटाच परतला. तिने नाल्याकाठचं घर मोडलं, लाकडी बल्ल्या आणि छपराचे कवेलू डोक्यावर वाहून नेले आणि फुटलेल्या पारीजवळ झोपडी उभी केली. वासुदेवरावांचे नांगर आले तेव्हा ती बैलांपुढे जाऊन उभी राहिली. पाणीच थांबत नाही तर जमीन पडीत ठेवून काय फायदा, असं त्यांनी तिला समजावून पाहिलं.

"पाणी आमी थांबवू. आज बैल वापस न्या."

बाईमाणसाशी भर शिवारात वाद नको म्हणून ते परतले, पण उन्हाळ्यात पुन्हा येणार असं बजावून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच खिंडारात माती टाकू लागली. लोक हसले. मग शेजारची बेबीबाई टोपलं घेऊन आली, तिच्यामागे बाकीच्या बायका आल्या. होळीला मिलमधले बाप्ये घरी आले, तर खिंडार अर्धं भरलेलं. बायकांना माती वाहताना पाहून त्यांनाच कसंसं झालं. काम पुरं होईपर्यंत कोणी तुमसरला गेलं नाही. वासुदेवराव एकदा येऊन पाहून गेले. नांगराचं नाव त्यांनी काढलं नाही.

तेजरामही दिवसभर कुदळ चालवायचा. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "झोपडीत मले जागा होईन का?"

"कवेलू कमी पडून राहिले. घेऊन या."

पावसाळ्यात पार एका जागी पाझरली. सारा टोला धानाचं तणस आणि चिखल घेऊन धावला, आणि पार टिकली. राखण हवी म्हणून हळूहळू इतरांनीही घरं वर आणली.

पुढे एका कोरड्या आश्विनात वासुदेवराव स्वतः पाणी मागायला आले. त्यांचं धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या वेळीच पाणी नव्हतं.

"टोल्याच्या धानाच्या बांध्या भिजू द्या," गोदावरीबाई म्हणाली. "मंग तुमची पाळी."

ते पारीवर बसून राहिले. तिने त्यांना चहा दिला.